हिरडीखालचे मोजमाप रुग्णाच्या हाती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत दातांच्या सफाईविषयी मजकूर आल्यानंतर वाचकांची जी पत्रे आपण छापलीत, त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला दिसला : दात यंत्राने साफ करून घ्यावेत की हाताने? एका वाचकाला यंत्राने दातांवरचे कवच झिजेल अशी धास्ती वाटते, तर दुसऱ्याला हाती अवजार धरून किटण काढणारा डॉक्टर मागासलेला वाटतो. मी सातारा जिल्ह्यात सत्तावीस वर्षे हिरड्यांच्या आजारांवर उपचार करते आहे. त्यांतली नऊ वर्षे एका दंत महाविद्यालयात विद्यार्थ्यांना हेच काम शिकवण्यात गेली, आणि आजही माझ्या ट्रेमध्ये ही दोन्ही अवजारे शेजारी शेजारी मांडलेली असतात. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्यायला हवी. आरशात दिसतो तो दाताचा हिरडीवरचा भाग. तिथले पिवळसर किटण जिभेला खरखरीत लागते आणि ते काढणे तुलनेने सोपे असते. हिरडीची कड मात्र दाताला चिकटलेली नसते. निरोगी तोंडातही दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोलीची बारीक खाच असते. जंतूंच्या थरामुळे हिरडी वर्षानुवर्षे सुजलेली राहिली, की कित्येकांच्या बाबतीत दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटू लागतात, हाड झिजते आणि ती खाच पाच, सात, कधी दहा मिलिमीटरपर्यंत खोल जाते. हिला आम्ही पॉकेट म्हणतो, आणि लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो आजार याच पॉकेटांमध्ये वाढत असतो. आतले किटण काळपट, चिवट आणि मुळाच्या खळग्यांत रुतून बसलेले असते. ब्रशचे केस तिथवर पोचत नाहीत. डॉक्टरलाही ते सहसा दिसत नाही, त्यामुळे हिरडीखालची सफाई जवळजवळ पूर्णपणे बोटांच्या जाणिवेवर करावी लागते.

आता यंत्राविषयी. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीलहरींच्या वेगाने थरथरणारे (अल्ट्रासॉनिक) हे उपकरण १९५०च्या दशकात आले, ते मुळात दात कोरण्यासाठी. त्या कामात ते टिकले नाही, पण १९५५च्या सुमारास दातांवरचे किटण काढण्यासाठी ते वापरून पाहिले गेले आणि तिथे त्याला आपली जागा सापडली. आजच्या यंत्राचे टोक सेकंदाला साधारण पंचवीस ते चाळीस हजार वेळा थरथरते आणि प्रत्येक थरथर मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढीच असते. या कंपनांनी किटणाला तडे जाऊन ते सुटते, आणि टोक तापू नये म्हणून सोडलेले पाणी सुटलेले कण व जंतू पॉकेटातून धुऊन बाहेर आणते. टोक मुळाला जवळजवळ समांतर ठेवायचे असते आणि त्याला पेन्सिलीने पुसट रेघ ओढावी इतकाच दाब द्यायचा असतो. जोर लावला की कंपने दबतात, किटण निघत नाही आणि मुळावर मात्र ओरखडे उठतात. टोकाचा शेवटचा अणकुचीदार बिंदू तर मुळावर कधीच रोखायचा नसतो. हे टोक वापरून झिजतेही. एक मिलिमीटर झिजले की त्याची कार्यक्षमता सुमारे पाव भागाने आणि दोन मिलिमीटर झिजले की जवळपास निम्म्याने कमी होते असे धरले जाते. म्हणून ते पट्टीला लावून मोजावे आणि वेळेत बदलावे लागते. किती दवाखान्यांत ही पट्टी आहे, हा प्रश्न मी माझ्या व्यवसायबंधूंना या पत्राद्वारे जाहीरपणे विचारते.

हाताच्या अवजारांत हिरडीखाली चालते ते क्युरेट. त्याचे पाते चमच्यासारखे, गोलसर पाठीचे असते, म्हणजे आत सरकवताना हिरडी फाटत नाही. अमेरिकेतील मिशिगन येथील दंतवैद्य क्लेटन ग्रेसी यांच्या नावाने ओळखला जाणारा क्युरेटचा संच आजही जगभर शिकवला जातो. त्यात प्रत्येक जागेसाठी वेगळी वळणे आहेत : पुढच्या दातांना एक, दाढेच्या पुढच्या बाजूला ११-१२ क्रमांकाचे, मागच्या बाजूला १३-१४ क्रमांकाचे. पात्याची एकच कड कापते. ते मिटलेले आत न्यायचे, तळाशी टेकले की कोन उघडायचा, शेजारच्या दातावर बोट घट्ट रोवून वर ओढायचे, आणि या साऱ्या वेळात आत काय लागते आहे ते बोटांनी वाचत राहायचे. धार उत्तम हवी. बोथट क्युरेट किटण काढत नाही, ते किटणाचा वरचा थर घासून गुळगुळीत करते; मग डॉक्टरला बोटांनी सारे साफ लागते आणि आजार आत तसाच राहतो. धार गेल्याची खूण सोपी आहे : दिव्याखाली पाते फिरवले तर बोथट कडेवर प्रकाशाची बारीक रेघ चमकते, धारदार कडेवर काहीच चमकत नाही. माझ्या शिक्षिकेने पहिल्या आठवड्यात आमच्या हाती रुग्ण दिले नाहीत. धार लावायचे दगड दिले होते.

दोहोंत श्रेष्ठ कोण, याचा शोध जगाने केव्हाच घेतला आहे. स्वीडनमधील बाडेरस्टेन, निल्व्हेउस आणि एगेलबर्ग या संशोधकांनी १९८१ आणि १९८४ मध्ये प्रत्येक रुग्णाच्या तोंडात काही दात हाताच्या अवजारांनी व काही यंत्राने साफ करून दीर्घकाळ मोजमापे घेतली. पॉकेट उथळ होणे आणि रक्त येणे थांबणे या दोन्ही बाबतींत अवजारांमध्ये फरक आढळला नाही. तिथे तपासलेले दात पुढचे आणि उपदाढा, म्हणजे मुख्यतः एका मुळाचे होते, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. २००२ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही परिणाम सारखाच निघाला. यंत्राने वेळ मात्र एक तृतीयांशाहून थोडा जास्त वाचला. २०२० साली युरोपातील हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हिरडीखालची सफाई हाताच्या किंवा यंत्राच्या अवजारांनी, एकेकट्या वा दोन्ही मिळून, कशीही करावी असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणून आमच्याकडे अत्याधुनिक यंत्र आहे एवढ्या एका वाक्यावर रुग्ण ओढणाऱ्या पाट्यांना शास्त्राचा आधार नाही, आणि यंत्राला नावे ठेवणाऱ्यांनाही तो नाही.

कवच झिजण्याच्या भीतीबद्दल एक आकडा सांगते. १९९१ मधील एका प्रयोगशाळेतील अभ्यासात मुळाच्या पृष्ठभागावर प्रत्येक अवजार बारा वेळा फिरवून किती थर निघाला ते मोजले गेले. ध्वनीलहरींच्या यंत्राने सुमारे १२ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) थर गेला, हाताच्या क्युरेटने सुमारे १०९. म्हणजे वाचकाच्या समजुतीच्या उलटच. अर्थात दाब वाढवला, यंत्राची शक्ती वाढवली, की हे आकडे बदलतात. पण या निमित्ताने मला माझ्या पिढीची एक चूक कबूल केली पाहिजे. मूळ काचेसारखे गुळगुळीत व कडक लागेपर्यंत खरवडायचे, असे आम्हाला शिकवले गेले आणि आम्हीही पुढे तेच शिकवले, कारण जंतूंचे विष मुळाच्या आवरणात खोल मुरलेले असते असा समज होता. १९८६ मध्येच ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले होते की हे विष पृष्ठभागावर सैल बसलेले असते : त्यातले ३९ टक्के नुसत्या पाण्याने धुऊन आणि आणखी ६० टक्के एक मिनिट ब्रश केल्यावर निघून गेले. किटण काढायलाच हवे, पण त्यासोबत निरोगी मूळ सोलण्याचे कारण नव्हते. त्या काळात ज्यांच्या दातांना आम्ही विनाकारण थंडगरम झोंबायला लावले, त्यांची मी क्षमा मागते.

अवजारांत फरक पडतो तो जागेप्रमाणे. दाढेची दोन किंवा तीन मुळे जिथे फुटतात त्या बेचक्याचे तोंड अतिशय अरुंद असते. १९७९ मधील मोजमापांनुसार पहिल्या दाढांमधील अशा ८१ टक्के बेचक्यांचे तोंड एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान होते, तर क्युरेटच्या पात्याची रुंदी पाऊण ते एक मिलिमीटरच्या घरात असते. तिथे हाताचे साधे अवजार शिरतच नाही. यंत्राचे अर्ध्या मिलिमीटरचे बारीक टोक शिरते. उलट दाढेच्या मागच्या बाजूला, खोलगट वळणात चिकटून बसलेले जुने किटण यंत्राखाली कधी कधी नुसते घासले जाते आणि तिथे धारदार क्युरेटच कामी येते. ज्यांच्या शरीरात जुन्या पद्धतीचा पेसमेकर आहे त्यांच्यासाठी काही प्रकारची यंत्रे टाळावी लागतात, आणि कृत्रिम दातांच्या इम्प्लांटवर सामान्य धातूचे टोक चालवू नये. यंत्राचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याचे तुषार; तोंडातले रक्त, लाळ व जंतू त्या धुक्यासोबत खोलीभर पसरतात, आणि जोरदार ओढणारी सक्शन नळी तोंडाशी धरली नाही तर ते हवेत रेंगाळतात.

२०२० साली करोनाच्या साथीत याच कारणाने आम्ही यंत्रे बाजूला ठेवली आणि कित्येक महिने केवळ हाताने काम केले. त्या दिवसांत आसपासच्या तालुक्यांतील तरुण डॉक्टर मला फोन करून विचारत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या दवाखान्यात धार असलेले एकही क्युरेट नव्हते, धार लावायचा दगड त्यांनी परीक्षेनंतर पाहिला नव्हता, आणि दोन-तीन जणांनी तर संच महाविद्यालयातून बाहेर पडतानाच कनिष्ठांना विकून टाकले होते. मला त्या मुलांचा राग आला नाही. हाताचे काम सावकाश होते, मनगट व मान दुखते, आणि रुग्ण या कामाला यंत्रापेक्षा कमी मोल देतो. मग ते कोण जपणार? परंतु ज्याच्या बोटांना क्युरेटवर वाचायची सवय लागली नाही, त्याला यंत्राचे टोक धरूनही आत काय उरले आहे ते कळत नाही, हे मी विद्यार्थ्यांच्या हातांकडे वर्षानुवर्षे बघत आल्यामुळे खात्रीने सांगू शकते.

गेल्या नोव्हेंबरमध्ये खटाव तालुक्यातून एक बावन्न वर्षांच्या शेतकरी ताई आल्या. त्यांना मधुमेह आहे, आणि लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ मशेरी लावण्याची सवय होती. मार्चमध्ये, जागतिक मौखिक आरोग्य दिनाच्या आसपास, गावात झालेल्या एका मोफत शिबिरात यंत्राने त्यांचे दात साफ करून दिले होते. "बाई, माझं यंत्रानं झालंय की," असे त्यांनी खुर्चीत बसण्याआधीच सांगितले. पुढचे दात खरोखरच स्वच्छ दिसत होते. मी मोजपट्टीच्या खुणा असलेली प्रोब, म्हणजे बोथट टोकाची बारीक सळई, उजव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेपाशी आत घातली, तर मागच्या बाजूला ती सात मिलिमीटर आत गेली आणि बाहेर काढताच रक्त आले. गालाकडच्या बेचक्यात पाच. शिबिरात त्यांच्या हिरडीखाली कोणी सळई घालून पाहिलीच नव्हती. दहा मिनिटांत वरून दात घासून त्यांना सफाई झाली असे सांगितले गेले, आणि त्या आठ महिने निर्धास्त राहिल्या.

भूल देऊन मी आधी यंत्राचे बारीक टोक वापरले. किटणावर असेपर्यंत टोकातून बोटांना कोरड्या वाळूत काठी फिरवावी तशी करकर लागते; किटण संपले की ती थांबते. बेचके त्यानेच साफ झाले. पाणी बंद करून एक्स्प्लोरर, म्हणजे खडबडीतपणा चाचपायच्या अवजाराचे बारीक टोक मागच्या बाजूने फिरवले, तेव्हा तळाच्या जरा वर एक कंगोरा अजून अडत होता. तिथे १३-१४ क्रमांकाचे ग्रेसी घेतले. पहिल्या तीन ओढींना पाते अडखळले, चौथ्या ओढीला काहीतरी सुटल्याचे बोटांना कळले आणि गॉजवर मोहरीएवढा काळा खडा आला. ताईंनी तो तळहातावर घेऊन निरखून पाहिला. "एवढ्याशा खड्यापायी दाढ हलत हुती व्हय?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना समजावले, की तो खडा जंतूंचे घर आहे, आणि त्या घराला मशेरी आणि वाढलेली साखर दोघी मिळून हातभार लावत होत्या. मधुमेहाने हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आटोक्यात राहणे अवघड होते, हे त्यांना आजवर कोणीच सांगितले नव्हते.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे भाग आहे. दात साफ केल्याने ते हलू लागतात, असे आपल्याकडे घरोघर सांगितले जाते. हाड आधीच झिजलेले असते. किटणाच्या कड्याने दात एकमेकांना जखडून धरलेले असतात, आणि ते कडे निघाल्यावर मुळातली हालचाल रुग्णाला जाणवते. सूज उतरली की हिरडी खाली बसते, दातांमध्ये फटी दिसतात आणि काही आठवडे थंड पाणी झोंबते. हे रुग्णाला आधी सांगितले तर तो घाबरत नाही. न सांगितल्यास तो गावात जाऊन यंत्रालाच दोष देतो आणि त्याचे ऐकून आणखी दहा जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

खोल पॉकेटांत दोन्ही अवजारांची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९८६ मधील एका अभ्यासात चार ते सहा मिलिमीटर खोलीच्या जागी हिरडी न उघडता काम केले तेव्हा ४३ टक्के पृष्ठभाग पूर्णपणे किटणमुक्त झाले, हिरडी उघडून केले तेव्हा ७६ टक्के. सहा मिलिमीटरच्या पलीकडे हेच प्रमाण ३२ आणि ५० टक्क्यांवर आले. म्हणून सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे. जिथे पॉकेट उथळ झाले नाही तिथे पुन्हा सफाई करावी लागते, काही ठिकाणी शस्त्रक्रियाही. तरीही आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत दुसरे मोजमाप होत नाही, आणि पहिलेही होत नाही.

माझी मागणी यातूनच आली आहे. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब घालून आलेले आकडे एका कागदावर लिहून रुग्णाच्या हाती द्यावेत, तारखेसकट. या सळईला विजेची गरज नाही, ती फार महाग नाही, आणि पूर्ण तोंडाचे मोजमाप सरावाच्या हाताने पंधरा-वीस मिनिटांत होते. रुग्णांनी यंत्र कोणत्या कंपनीचे आहे असे विचारण्यापेक्षा माझे आकडे किती आले आणि पुन्हा कधी मोजणार, एवढेच विचारावे. दवाखान्यांच्या दरफलकांवर हिरडीवरची आणि हिरडीखालची सफाई वेगळी लिहावी, कारण एक वीस मिनिटांचे काम आहे आणि दुसरे भूल देऊन, दोन-तीन बैठकांत करायचे; दोन्हींना एकच नाव आणि एकच दर ठेवला की दुसरे कोणीच करत नाही. मोफत शिबिरे जरूर व्हावीत, मीही त्यांत जाते. पण तिथे दिल्या जाणाऱ्या कार्डावर 'वरची सफाई झाली, हिरडीखालची तपासणी बाकी आहे' हे वाक्य मराठीत मोठ्या अक्षरांत छापलेले असावे. आणि राज्यातील दंत महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतःच्या क्युरेटला धार लावून दाखवायला सांगावे. ज्याची परीक्षा होते तेच आपल्याकडे शिकले जाते.

खटावच्या ताई आठ आठवड्यांनी परत आल्या. मशेरी त्यांनी दिवसातून एकदावर आणली आहे, पूर्ण सुटलेली नाही. दाढेच्या मागची सातची जागा चारवर आली होती आणि तिथून रक्त आले नाही. बेचक्यातली पाचची जागा मात्र पाचच राहिली आहे आणि प्रोब लावताच ती अजून पाझरते. दोन्ही आकडे मी त्यांच्या कार्डावर जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहून दिले. बेचक्यासाठी त्या पुढच्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, पुन्हा येणार आहेत.

आपली नम्र,
एक हिरडीरोगतज्ज्ञ, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)